‘लोखंडी जबडा’ हे शब्द छापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॉक्सिंगची मोठी लढत झाली की दुसऱ्या दिवशीच्या क्रीडा पानांवर ‘लोखंडी जबडा’, ‘पोलादी हनुवटी’, ‘ठोशांचा वर्षाव झेलूनही पहाडासारखा उभा’ असे शब्द हमखास वाचायला मिळतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जाते ती माणसेही खरोखर थोर आहेत. पण या शब्दांमुळे वाचकाचा, विशेषतः नुकतीच ग्लोव्ह्ज घालू लागलेल्या मुलामुलींचा, असा समज होतो की मार सोसणे ही हाडाची ताकद आहे आणि मार खाऊन खाऊन ती वाढते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. दगडाच्या बाबतीत ते खरे असेल. मेंदूच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे, आणि म्हणून हे पत्र लांबले तरी सविस्तर लिहीत आहे.

मुळात जबड्याचे हाड आणि मार सोसण्याची शक्ती यांचा संबंध फार थोडा. ३१ मार्च १९७३ रोजी सॅन डिएगोत केन नॉर्टनने महंमद अलीचा जबडा मोडला. त्या मोडक्या जबड्यानिशी अलीने १२ फेऱ्यांची लढत पूर्ण केली. गुणांवर हरला, पण पडला नाही. उलट, रिंगमध्ये बेशुद्ध पडलेल्या कितीतरी बॉक्सरांच्या जबड्याला साधी चीरही गेलेली नसते. मार सोसण्याच्या ज्या शक्तीला बॉक्सिंगवाले ‘चिन’ (हनुवटी) म्हणतात, ती खरे तर हनुवटीत नसतेच. हनुवटी हा नुसता दांडा. घाव दांड्यावर बसतो आणि फिरते ते डोके.

मानेवर तोललेले डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. ते ज्या टेकूवर फिरते, तिथून हनुवटीचे टोक बरेच लांब पडते. दार बिजागरीजवळ ढकलले तर जोर लागतो, कडेला ढकलले तर एका बोटाने उघडते, तोच हा हिशेब. कपाळावर बसलेला सरळ ठोसा डोके मागे रेटतो. हनुवटीच्या टोकावर आडवा आलेला हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, ते गर्रकन फिरवतो. मेंदूला रेटण्यापेक्षा हे फिरणे जास्त बाधते. पाण्याने भरलेली बादली धरून झटक्याने फिरवून पाहा. बादली फिरते, पाणी जागच्या जागी राहते. कवटी फिरते तेव्हा आतला १.३ ते १.४ किलोचा, बोटाने दाबला तर रुतेल इतका मऊ मेंदू असाच मागे राहतो आणि मग ओढला जातो. त्या ओढीत मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, पेशींचे काम क्षणभर कोलमडते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, गुडघे सुटतात. ओढ फार मोठी असली तर मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात आणि आत रक्त साचू लागते. रिंगमधल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण हाच रक्तस्राव आहे.

ठोसा म्हणजे नेमके किती, याचाही अंदाज वाचकाला असावा. १९८५ साली ब्रिटनचा हेवीवेट फ्रँक ब्रुनो याचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला गेला. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने लक्ष्यावर आदळली. मोजणाऱ्यांनी तिची तुलना ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने फिरवलेल्या, वर गादी बांधलेल्या ६ किलोच्या लाकडी हातोड्याशी केली, आणि अशा ठोशाने डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या ५३ पट त्वरण मिळेल असे गणित मांडले. असा हातोडा नीट बसला तर तो कोणाचीही कवटी ‘सोसत’ नाही. ज्यांनी असे ठोसे पचवले असे आपण म्हणतो, त्यांच्यापर्यंत बहुतेक वेळा तो ठोसा पुरता पोहोचलेलाच नसतो. पोहोचला तरी त्या क्षणी त्यांची मान, पाय आणि डोळे त्याच्यासाठी तयार असतात. जाड मान, रुंद खांदे, डोक्याची ठेवण यांत जन्मजात फरक असतो, हे खरेच आहे. पण त्यावर जेवढे सोडून दिले जाते, तेवढे ते नाही.

मानेचेच घ्या. मान ताठ असेल तर डोके आणि धड एकजीव होतात. ठोशाला मग पाच किलोऐवजी त्याहून कितीतरी जड ओझे हलवावे लागते आणि डोके कमी फिरते. अडचण वेळेची आहे. मूठ डोक्याला टेकलेली असते ती सेकंदाचा एखाद-दुसरा शतांश. स्नायूंचे आपोआप होणारे आकुंचन त्यापेक्षा बरेच सावकाश होते. म्हणजे ठोसा लागल्यावर मान आवळून उपयोग नाही, ती आधीच आवळलेली हवी, आणि त्यासाठी ठोसा दिसायला हवा. न दिसलेला ठोसाच माणसाला झोपवतो, हे बॉक्सिंगमधले जुने बोलणे अगदी शब्दशः खरे आहे. ८ डिसेंबर २०१२ ची मॅनी पॅकियाओ आणि हुआन मॅन्युएल मार्केझ यांची लढत आठवा. सहावी फेरी संपायला जेमतेम एक सेकंद उरला असताना पॅकियाओ वेगाने आत घुसला आणि मार्केझचा आखूड उजवा ठोसा समोरून आला. पॅकियाओचा स्वतःचा वेग त्या ठोशात मिळाला. तो तोंडावर कोसळला आणि बराच वेळ हलला नाही. पॅकियाओची चिन कच्ची होती असे कोणीच म्हणणार नाही. ठोसा दिसला नाही आणि तो त्यात चालत गेला, एवढेच घडले.

आता ज्यांची नावे नेहमी घेतली जातात, त्यांच्याकडे वळतो.

जेक लामोटा हे त्यातले पहिले नाव. शुगर रे रॉबिन्सनशी तो सहा वेळा लढला, पाच वेळा हरला. पण १९४३ साली डेट्रॉइटमध्ये रॉबिन्सनला त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव चाखवणारा लामोटाच. १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत त्यांची शेवटची लढत तेराव्या फेरीत थांबवली गेली तेव्हा लामोटा दोराला धरून उभा होता. एवढेच छापले जाते. छापले जात नाही ते असे की लामोटा वाकून, हनुवटी छातीत रुतवून लढायचा आणि ठोसा येईल त्या दिशेला डोके किंचित सोडून द्यायचा. समोरच्याला वाटायचे ठोसा बसला. प्रत्यक्षात अर्धा जोर हवेत जायचा. शिकागोत शेवटच्या फेऱ्यांत हे डोके सोडणे बंद पडले, कारण वजन उतरवून आणि दमून तो संपला होता. मग आले ते सगळे पूर्ण जोराचे ठोसे. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९५२ ला, डॅनी नार्डिकोने त्याला पाडले आणि ती लढत आठव्या फेरीपर्यंतही गेली नाही. ज्याला रॉबिन्सन सहा लढतींत खाली बसवू शकला नाही, तो दोन वर्षांच्या आत पडला. हाड तेच होते.

कॅनडाचा जॉर्ज चुव्हालो हे दुसरे नाव. ९३ लढती, आणि एकदाही खाली पडला नाही. २९ मार्च १९६६ ला टोरंटोत अलीपुढे १५ फेऱ्या उभा राहिला, १९७२ मध्ये पुन्हा १२. विक्रम खराच मोठा आहे. पण १९६७ मध्ये जो फ्रेझरने त्याला चौथ्या फेरीत थांबवले ते डोळ्याजवळचे हाड मोडून, आणि १९७० मध्ये जॉर्ज फोरमनने तिसऱ्या फेरीत थांबवले तेव्हा तो उभ्या उभ्या ठोसे खात होता. ‘कधीच पडला नाही’ या तीन शब्दांत हे मावत नाही. न पडणारा बॉक्सर पडणाऱ्यापेक्षा जास्त मार खातो, हे साधे गणित आपण विसरतो. पडणाऱ्याला निदान आठ-दहा सेकंदांची उसंत मिळते आणि रेफरीचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर येतात. उभा राहणाऱ्याला तेही नाही.

मार्व्हिन हॅगलर ६७ लढतींत अधिकृतपणे एकदाच पडला, १९८४ मध्ये हुआन रोल्डानसमोर, आणि तो ठोसा होता की धक्का यावर अजून वाद आहे. १५ एप्रिल १९८५ ला टॉमी हर्न्सने पहिल्याच फेरीत त्याला उजव्या हाताचे असे ठोसे दिले की त्यात हर्न्सचाच हात मोडला. हॅगलर उभा राहिला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. त्या लढतीचे चित्रण पुन्हा पाहाल तेव्हा हॅगलरची हनुवटी कुठे आहे ते पाहा. ती सदैव पुढच्या खांद्यामागे आहे. हर्न्सचे बरेच ठोसे कपाळावर बसले, आणि कपाळ हे हात मोडण्याचेच ठिकाण. गेनाडी गोलोव्हकिन व्यावसायिक कारकिर्दीत कधी पडला नाही, त्यातही अंतर राखण्याचा आणि पाय योग्य जागी असण्याचा वाटा मोठा.

पडून उठणे हा वेगळा गुण आहे, त्याची यात सरमिसळ होऊ नये. १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने लॅरी होम्स सातव्या फेरीत उताणा पडला, उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. आर्ची मूर १९५८ मध्ये माँट्रियलला इव्हॉन ड्युरेलसमोर पहिल्या फेरीत तीनदा आणि पाचव्या फेरीत एकदा पडला, आणि तोही अकराव्या फेरीत जिंकला. १ डिसेंबर २०१८ ला डिऑन्टे वाइल्डरने बाराव्या फेरीत पाडलेला टायसन फ्युरी मोजणी पुरी होण्याआधी उठला, हे तर अनेकांनी पाहिले आहे. यात चांगली तब्येत, श्वासावर ताबा आणि उठल्यावर काय करायचे याचे शिक्षण असते: आठपर्यंत एका गुडघ्यावर थांबायचे, उठल्यावर समोरच्याला मिठी मारायची, त्याच्या हातांवर आपले वजन टाकायचे, फेरी काढायची. घाईने तीनला उठून लगेच मारामारीला जाणारा बहुधा पुन्हा पडतो.

यकृतावरचा ठोसाही यात येत नाही. उजव्या बरगड्यांखाली डावा हूक बसला की माणूस एक क्षण उभा राहतो आणि मग शुद्धीत असूनही घडी होऊन खाली बसतो. २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला असेच नवव्या फेरीत बसवले. तिथे चिन कितीही चांगली असो, काही चालत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज अलीच्या किन्शासाच्या लढतीविषयी आहे. ३० ऑक्टोबर १९७४, समोर फोरमन. अलीने दोराला टेकून मार खाल्ला आणि फोरमनला दमवले, असे सांगितले जाते आणि मुले ते तसेच करायला जातात. त्या रात्री दोर सैल होते. अली त्यांवर इतका मागे रेलायचा की फोरमनचे आडवे ठोसे डोक्यापर्यंत यायचेच नाहीत. कोपरे बरगड्यांवर, मुठी गालांवर. बहुतेक मार दंडांवर, हातांवर आणि कुशीत गेला. अधूनमधून तो फोरमनची मान खाली दाबून त्याच्या पाठीवर वजन टाकायचा आणि फेरीच्या शेवटी सरळ, वेगवान ठोसे मारायचा. आठव्या फेरीत फोरमन पडला तो दमून आणि न दिसलेल्या ठोशाने. याला मार सोसणे म्हणायचे असेल तर म्हणा, पण तो नेमक्या जागी घेतलेला मार होता.

मात्र अलीने पुढे ही सवय सोडली नाही. सरावातही तो जोडीदारांना आपल्याला मारू द्यायचा. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात फ्रेझरबरोबर १४ फेऱ्या, सप्टेंबर १९७७ मध्ये शेव्हर्सबरोबर १५. शेव्हर्सच्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याची साथ सोडली, कारण थांबायला कोणी तयार नव्हते. १९८० मध्ये होम्ससमोर दहा फेऱ्या जवळजवळ प्रतिकाराशिवाय मार, तरीही तो पडला नाही. १९८१ मध्ये शेवटची लढत, १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान. त्या आजारात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. जेरी क्वारीबाबत ते नाहीत. अली, फ्रेझर, नॉर्टन, शेव्हर्स यांच्या पिढीतला हा धाडसी हेवीवेट. रिंग सोडल्यावर त्याच्या तपासण्यांत मेंदूची हानी दिसली होती, तरी १९९२ मध्ये ४७ व्या वर्षी तो पुन्हा उतरला. ३ जानेवारी १९९९ ला, ५३ व्या वर्षी, स्वतःचे स्वतः काही करता येत नाही अशा अवस्थेत गेला. त्याचा बॉक्सर भाऊ माइक याचाही शेवट स्मृतिभ्रंशानेच झाला.

हे नवे ज्ञान नाही. १९२८ सालीच अमेरिकेतले शवचिकित्सक हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांच्या या मेंदूविकारावर लिहिले आणि स्पष्ट नोंदवले की तो मुख्यतः अशा लढवय्यांना होतो जे एक जोरदार ठोसा मारता यावा म्हणून डोक्यावर वाटेल तेवढा मार घेतात. सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या दुय्यम दर्जाच्या बॉक्सरांचाही त्यांनी उल्लेख केला होता. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ निवृत्त बॉक्सरांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत झीज आणि चट्टे यांची ठरावीक मांडणीच सापडली. त्याही आधी, २२ फेब्रुवारी १९१० ला कॅलिफोर्नियात अ‍ॅड वोलगास्टने ‘टिकाऊ’ म्हणून गाजलेल्या बॅटलिंग नेल्सनला चाळिसाव्या फेरीत थांबवले होते. जिंकणाऱ्या वोलगास्टच्या आयुष्याचा मोठा काळ मनोरुग्णालयात गेला, आणि १९५५ मध्ये तो तिथेच वारला.

चिन ‘जाते’ म्हणतात ती अशी. कालपर्यंत जो ठोसा पचत होता, त्याच्या निम्म्याने पाय लटपटू लागतात. रॉय जोन्स ज्युनियर कित्येक वर्षे हातीच लागत नव्हता. मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत झोपवले. वयाने पाय आणि डोळे मंदावतात हे एक कारण, आधी बसलेल्या माराने मेंदूची सहनशक्ती घटते हे दुसरे. प्रशिक्षकाला हे सरावात सगळ्यांत आधी दिसते. तेव्हा ‘मन घट्ट कर’ म्हणणे म्हणजे त्या मुलाचा घात करणे आहे.

मग वाढवता काय येते? हनुवटीची जागा, मान, डोळे, पाय आणि दम. एवढेच, पण हे थोडके नाही.

हनुवटीसाठी टेनिसचा चेंडू किंवा घडी घातलेला छोटा टॉवेल हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरून तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करावे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुले संपूर्ण मान खाली घालतात आणि जमिनीकडे पाहतात. हनुवटी आत हवी, नजर भुवयांखालून समोरच्याच्या छातीवर हवी. चेंडू बहुतेकांचा पडतो तो उजवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ, जोराचा ठोसा) मारताना, कारण जोर काढताना हनुवटी वर उचलली जाते. मारणाऱ्या हाताचा खांदा त्या क्षणी गालाला लागला पाहिजे. आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) गेला त्याच उंचीवरून परत आला पाहिजे, कमरेकडून नाही. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईसचे नेमके हेच हेरले होते. जॅबनंतर लुईसचा डावा हात खाली यायचा, त्या फटीतून श्मेलिंगने रात्रभर उजवा ठोसा घातला आणि बाराव्या फेरीत त्याला झोपवले.

मानेसाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) नसेल त्या दिवशी व्यायाम करावा. तळहात कपाळावर ठेवून हात ढकलतो आहे आणि मान हलू देत नाही, असे सहा सेकंद धरावे. मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही बाजूंना, आणि शेवटी हात जबड्याच्या बाजूला ठेवून मान वळवण्याच्या दिशेने. प्रत्येक दिशेला सात-आठ वेळा. शेवटची वळवण्याची दिशा बहुतेक जण गाळतात, आणि हूक तर मान नेमकी त्याच दिशेने फिरवतो. डोक्याला बांधायच्या पट्ट्याला वजन लावून करायचे असेल तर अडीच किलोपासून सुरुवात करून वीस सावकाश आवर्तने. झटके अजिबात नकोत. कुस्तीतला पूल (डोके आणि पाय जमिनीला टेकवून अंग वर उचलण्याचा व्यायाम) नवशिक्याने पूर्ण वजनावर करू नये, आधी हात जमिनीला टेकवूनच. मान दुखत असताना स्पारिंगला उभे राहू नये, कारण दुखरी मान वेळेवर आवळत नाही.

दात एकमेकांवर घट्ट आणि तोंड बंद, हे सतत बजावावे लागते. उघड्या तोंडावर ठोसा बसला तर जबडा कानाजवळच्या सांध्यापाशी मोडू शकतो. माउथगार्ड दातांच्या मापाने घडवलेला असावा; तोंड थोडे उघडल्यावर तो खाली पडत असेल तर तो मापाचा नाही. पण तो दात आणि ओठ वाचवतो, मेंदूचा विमा म्हणून त्याच्याकडे पाहू नये. ग्लोव्ह्जचेही तसेच: व्यावसायिक लढतीत वजनगटानुसार ८ किंवा १० औंसांचे, सरावात १६ औंसांचे, भरण मुख्यतः मारणाऱ्याची मूठ सांभाळते. हेडगार्ड १९८४ च्या ऑलिंपिकपासून आले आणि पुरुषांसाठी २०१६ च्या रिओपासून गेले. ते कातडी फाटणे कमी करते, डोक्याचे फिरणे थांबवत नाही. शिवाय डोके आकाराने मोठे होते आणि बाजूने येणारा हूक दिसायला उशीर होतो.

पायांचे थोडक्यात: दोन्ही पाय एका रेषेत समोर आले की हलका ठोसाही पाडतो. गुडघे मऊ, मागची टाच किंचित उचललेली. आणि पाणी तोडून वजन उतरवू नये. ओठ सुकलेला, तोंडात थुंकी नसलेला बॉक्सर फेऱ्या वाढल्या की हनुवटी वर करून तोंडाने श्वास घेऊ लागतो, आणि वर लिहिलेले सगळे एकाच वेळी सुटते.

राहिले स्पारिंग. ‘मुलगा कणखर व्हावा’ म्हणून त्याला वरच्या गटातल्या, दहा किलोंनी जड जोडीदारापुढे उभे करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यातून कणखर काहीच होत नाही. जोराचे स्पारिंग आठवड्यातून एकदा पुरे, तेही मोजक्या फेऱ्यांचे. बाकी दिवशी पाव जोराने, ठरवलेल्या ठोशांवर. डोकेदुखी घेऊन आलेल्याला त्या दिवशी ग्लोव्ह्जच घालू देऊ नयेत.

माझा खरा आग्रह रिंगच्या कोपऱ्यातल्या माणसांविषयी, म्हणजे बॉक्सरचे प्रशिक्षक आणि मदतनीस यांच्याविषयी, आहे. २५ फेब्रुवारी १९९५ ला लंडनमध्ये नायजेल बेन आणि जेराल्ड मॅक्लेलन लढले. मॅक्लेलन बऱ्याच फेऱ्यांपासून डोळे भराभर मिचकावत होता, माउथगार्ड ओठांबाहेर लोंबत होता. दहाव्या फेरीत तो दोनदा स्वतःहून गुडघ्यावर बसला. त्याने हार पत्करली, असे त्या क्षणी अनेकांना वाटले. त्याच्या डोक्यात रक्त साचत होते. तो वाचला, पण दृष्टी गेली आणि मेंदूची कायमची हानी झाली. न पडणाऱ्याची इतकी पूजा झाली नसती तर गुडघ्यावर बसणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले असते. वेल्सचा जॉनी ओवेन १९८० मध्ये लॉस एंजेलिसला लुपे पिंटोरकडून बाराव्या फेरीत पडला आणि सात आठवड्यांनी वारला. त्याचा जबडा फार मजबूत आणि कवटी फार पातळ असल्याचे नंतर समोर आले. मजबूत जबड्याने त्याला उभे ठेवले असे मानले तरी उभे राहिल्यामुळेच मार वाढत गेला. १३ नोव्हेंबर १९८२ ला रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या फेरीपर्यंत टिकलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांत गेला, त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आल्या.

याउलट मनिला. चौदावी फेरी संपली तेव्हा फ्रेझरला समोरचे जवळजवळ दिसत नव्हते. तो पुढे जायला तयार होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. ज्याला ठोसे दिसत नाहीत त्याला पुढे पाठवायचे नाही, हे त्यांना कळत होते. अलीच्या कणखरपणावर जेवढी शाई खर्च होते, तिचा दहावा भाग या निर्णयाच्या वाट्याला यावा.

तेव्हा आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती आहे. ‘लोखंडी जबडा’ लिहिण्याऐवजी हनुवटी कुठे होती, मार डोक्यावर बसला की हातांवर, कितव्या फेरीपासून डोके हलणे बंद झाले, कोपऱ्याने काय केले, रेफरीने कधी थांबवले, हे लिहावे. ‘मैदान सोडले’, ‘कच खाल्ली’ हे शब्द गुडघ्यावर बसलेल्या बॉक्सरविषयी डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत छापू नयेत.

आणि ज्यांच्या घरात बॉक्सिंग करणारे मूल आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी जरूर द्याव्यात. डोक्यावर जोरात बसून आलेल्या मुलाला पहिले दोन दिवस एकटे ठेवू नये. पहिल्या दिवशी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डोकेदुखी वाढत जाणे, उलट्या, बोलणे अडखळणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, हातापायात जोर नसणे, उठवूनही नीट जागे न होणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे. तो स्वतः ‘मला काही झालेले नाही’ म्हणत असला तरीही.

कळावे,
आपला,
एक वाचक